सुकला म्हणजे वाचला असं नाही

फोन पाण्यात पडला की आपण सगळे एकाच गोष्टीसाठी धावतो: तो सुकवण्यासाठी. कुणी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतं, कुणी हेअर ड्रायर लावतं, कुणी गच्चीवर उन्हात ठेवतं. आणि मधूनमधून बटण दाबून ‘चालू होतोय का’ हे बघणं सुरूच असतं. माझं म्हणणं असं की यात सगळ्यात घातक काय असेल, तर ते बटण दाबणं. फोन नुसत्या ओलेपणाने फारसा बिघडत नाही. ओला असताना त्यात वीज खेळत राहिली, की बिघडतो. म्हणून पहिलं काम सुकवण्याचं नाही, वीज तोडण्याचं आहे. आणि दुसरं, पाणी उडून गेल्यावर आत जे उरतं ते साफ करण्याचं. तांदूळ यातलं एकही काम करत नाही. पावसात भिजत गाडी चालवणाऱ्या, लोकलमधून घामाघूम उतरणाऱ्या आणि विसर्जनाच्या दिवशी छातीभर पाण्यात उभं राहणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक माहीत असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण शुद्ध पाणी आपल्या वाट्याला येतं कुठे? नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात, घामात मीठ असतं, समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. दुसऱ्या बाजूला फोनची बॅटरी साधारण 3.8 व्होल्टची. विजेने पाण्याचं विघटन करायला जेमतेम 1.23 व्होल्ट पुरतात. म्हणजे बोर्डावरच्या दोन टोकांना जोडणारा एक थेंबसुद्धा लगेच रासायनिक उद्योग सुरू करतो: एका टोकाचं तांबं विरघळू लागतं आणि नको तिथे जाऊन बसतं. ही टोकं एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही जवळ असू शकतात, त्यामुळे इतकीशी झीजही पुरते. एरवी गंज चढायला महिने लागतात; विजेची साथ मिळाली की काही तासांत काम होतं. असा बोर्ड उघडून, वरचं पत्र्याचं झाकण काढून भिंगाखाली धरला तर सगळं स्पष्ट दिसतं. बोर्ड कोरडा ठणठणीत असतो, पण बॅटरीच्या कनेक्टरभोवती पांढरट-हिरवट पापुद्रा धरलेला असतो, बरेच दिवस न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर धरतो तसा. एखाद्या पिनेचा नुसता डाग उरलेला असतो. पाणी गेलं, क्षार राहिले. हेच क्षार पावसाळ्यातल्या दमट हवेतली ओल ओढून घेतात आणि झीज पुन्हा सुरू होते. भिजल्यावर नीट चालणारा फोन दोन-तीन आठवड्यांनी अचानक चार्ज होईनासा होतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘पण आमचा फोन तांदळात ठेवूनच वाचला.’ वाचला असेल, मला शंका नाही. पण तो तांदळाने वाचला, हे कशावरून? तोच फोन बंद करून नुसता टेबलावर ठेवला असता तरी वाचला असता का, हे कुणी पडताळून पाहिलेलं नसतं. तांदळात ठेवलेला फोन दोन दिवस बंद राहतो आणि चार्जरला लागत नाही. श्रेय द्यायचंच तर त्या दोन दिवसांच्या विश्रांतीला द्यायला हवं. तांदूळ फोनच्या पोटातलं पाणी ओढून घेत नाही, आणि कोकणात किंवा मुंबईत ऐन जुलैमध्ये तर डब्यातले तांदूळच दमट असतात. त्यांची पूड आणि बारीक कण चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतात. ॲपलने म्हणूनच आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका असं आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं. 2024च्या सुरुवातीला त्याच्या बातम्याही झाल्या. हेअर ड्रायरची गरम हवा तर दुहेरी नुकसान करते: पाणी आणखी आत ढकलते आणि कडेचा चिकट थर सैल करते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘आता फोन वॉटरप्रूफ असतात.’ आयपी68 हा शिक्का खरा आहे, पण त्यामागची चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात, ठरावीक खोली आणि ठरावीक वेळ धरून केलेली असते. दोन वर्षं वापरलेला, एकदा पडलेला, एकदा स्क्रीन बदललेला फोन त्या चाचणीतला फोन राहिलेला नसतो. दाव्यांच्या या बाजूवर कारवाईही झाली आहे. जलरोधकतेच्या अटी ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2020 मध्ये ॲपलला 1 कोटी युरोंचा दंड केला. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्या प्रकरणात कंपनीने जे मान्य केलं, ते माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार मोलाचं आहे: पोहण्याच्या तलावात किंवा समुद्रात बुडालेला फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला, तर चार्जिंगची खाच गंजून निकामी होण्याचा धोका होता. म्हणजे इथेही मुद्दा पाणी आणि वीज एकत्र येण्याचाच. शिवाय पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. सिमच्या खाचेत किंवा आतल्या भागात एक इवलीशी पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते आणि आपला दावा तिथेच संपतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक वेळी फोन उघडायचा का? नाही, आणि हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. धड, न फुटलेल्या जलरोधक फोनची फक्त चार्जिंगची खाच भिजली असेल, तर खाच खाली करून हलकेच थोपटावं, हवेशीर जागी ठेवावं आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत, गरज पडल्यास दिवसभर, चार्जर लावू नये, एवढं पुरतं. पण कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ दिसली, ती पट्टी लाल झाली किंवा फोन तापू लागला, तर पाणी पोटात गेलं आहे. पूर्वी बॅटरी नखाने उचकटून काढता यायची; आता ती आत चिकटवलेली असते, आणि फोन बंद केला तरी बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. म्हणून त्याच दिवशी जाणत्या कारागिराकडून फोन उघडवून आधी बॅटरी सोडवावी आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुऊन घ्यावा. नुसता ‘हीट मारून देतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नये. हा खर्च नव्या बोर्डाच्या मानाने किरकोळ असतो. आणि फोन नाहीच वाचला, तरी त्यातले फोटो आणि हिशेब बाहेर काढता येण्याची शक्यता टिकते. ज्याची रोजची कमाई त्या फोनवर येणाऱ्या ऑर्डरींवर चालते, त्याच्यासाठी तर हा थेट पोटाचा प्रश्न आहे.

तेव्हा क्रम पक्का लक्षात ठेवावा: बाहेर काढा, बंद करा, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, चार्जर दूर ठेवा, आणि पाणी आत गेल्याची खूण दिसली तर त्याच दिवशी उघडवा. बंद करायला एक पैसा लागत नाही आणि कुठलंही कौशल्य लागत नाही. पुढचं सगळं कारागिराच्या हातात असलं, तरी त्याला वाचवण्यासारखं काही उरेल की नाही, हे आपण पहिल्या दोन मिनिटांत ठरवतो.