उताराचं पाणी

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि संभाजीनगरकरांना थंड हवेचं म्हैसमाळ आठवतं. उंची १,०६७ मीटर. वारा छान, पण ओढे ठणठणीत कोरडे. मग गाड्या शहराबाहेरच्या वॉटर पार्ककडे वळतात.

भाड्याच्या नायलॉन चड्डीतले आजोबा घसरगुंडीच्या तोंडाशी अडून बसतात. मागून नातू ढकलतो. फायबरवरच्या पाण्याच्या पातळ थराने घर्षण कमी होतं आणि आजोबा थेट हौदात! तेच पाणी पंप पुन्हा वर चढवतो.

नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही चैन खटकतेच. रांग मात्र हटत नाही.

उताराची करामत इथे जुनी. शहरातल्या जुन्या पाणचक्कीत डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून येऊन उंच भिंतीवरून हौदात कोसळतं. त्याच्या जोरावर एकेकाळी यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जाई. त्यासाठी विजेचा पंप लागलाच नाही.