मेणवलीचा घाट आणि शरीरातील घंटा

वाईपासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. नाना फडणविसांनी अठराव्या शतकात येथे वाडा बांधला आणि वाड्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाटही. वाड्याचे चौक ओलांडून मागे उतरले, की नदीचे शांत पात्र समोर येते. ज्येष्ठांनी येथे हिवाळ्यातील सकाळी यावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात.

घाटावरील मंदिरापाशी एक मोठी घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक. घंटा वाजते, नाद पाण्यावरून दूर जातो आणि हळूहळू विरतो. तिचे हे विरणेच मला एक वैद्य म्हणून महत्त्वाचे वाटते.

आपल्या शरीरातही अशी एक घंटा आहे. संकट दिसताच मेंदू इशारा देतो आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलिन व कॉर्टिसोल स्रवतात. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात, रक्तात साखर येते, पचन मंदावते. ही व्यवस्था जीव वाचवणारी आहे. संकट सरताच ती शांतही होते. अपाय होतो तो घंटा वाजल्याने नव्हे, तर ती थांबतच नाही तेव्हा.

घाटाच्या पायरीवर एकदा सत्तरीच्या एक आजी भेटल्या. मुलीने आग्रहाने त्यांना फिरायला आणले होते. यजमान पक्षाघाताने तीन वर्षे अंथरुणाला खिळलेले. “भाचा घरी बसलाय हो, पण माझे कान तिकडेच,” असे म्हणत त्या पुन्हा पुन्हा फोन पाहत होत्या. झोप तुटक, पित्ताचा त्रास, मानेत कळ, आणि नंतर पश्चात्ताप व्हावा अशी चिडचिड. “म्हातारपण आहे, दुसरं काय?” हा त्यांचा निष्कर्ष. मला मात्र ती न थांबणारी घंटा ऐकू येत होती.

हे केवळ मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेतील ओहायो येथे जॅनिस कीकॉल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या त्वचेवरील छोटी जखम भरून येण्यास इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस अधिक लागले. अभ्यास लहान होता, पण मनावरचा भार त्वचेपर्यंत पोहोचतो, हे त्याने दाखवले.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांस माझे सांगणे असे : आठवड्यातून काही तास जबाबदारी दुसऱ्याच्या हाती नेमाने सोपवा. औषधांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, म्हणजे सोपवताना मन मागे राहणार नाही. स्वतःचा रक्तदाब व साखर तपासून घ्या. रोज थोडे चाला आणि दहा मिनिटे श्वास सावकाश सोडण्याचा सराव करा. छातीत दुखणे, धाप लागणे यांना मात्र कधीही ‘ताण’ म्हणून सोडून देऊ नका. तत्काळ डॉक्टरांना गाठा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली किंवा जगणे नकोसे वाटले, तर डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

घरातील इतरांनीही एक गोष्ट करावी. “तू विश्रांती घे” एवढे म्हणून थांबू नये. “रविवारी चार ते सात मी बसतो” असे सांगावे आणि ते पाळावे. सेवा करणाऱ्याला सल्ल्यापेक्षा मोकळी झालेली वेळ अधिक उपयोगी पडते.