शून्य क्रमांकाचा धनी

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला गुपिते सांभाळता येतात, असा आमच्या शिक्षणसंस्थेच्या चिटणीसांचा गोड गैरसमज आहे. एरवी चार शाळांचा हिशेब ठेवणारी ‘ओरॅकल’ची नवी प्रणाली बसवताना देखरेखीला त्यांनी मला धाडले नसते.

बसवायला आलेला तरुण एके काळी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसे. आता मी त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसलो आणि म्हणालो, “चल, कर सुरू.”

“सर, पाट मांडल्याशिवाय पान वाढतात का? आधी खातं उघडायचं.”

संगणकावर लिनक्स होते. त्यात ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी जे युनिक्स रचायला घेतले, त्याच्याच घराण्यातली ही रीत. हा धनी वाटेल ती फाइल उघडील, वाटेल ती पुसून टाकील. गंमत अशी, की संगणकाच्या नोंदीत त्याचा क्रमांक आहे ०! पण ओरॅकल बसवणारा प्रोग्राम ह्या धन्याच्या नावाने चालायला साफ नकार देतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने आधी ‘ओइन्स्टॉल’ आणि ‘डीबीए’ असे दोन गट केले, मग ‘ओरॅकल’ नावाचे साधे खाते उघडले, त्याला परवलीचा शब्द दिला आणि ठरावीक जागा तेवढी त्याच्या मालकीची करून दिली. पुढचे सारे काम त्या खात्याने केले. अगदी शेवटी एक लहानशी आज्ञावली चालवायला धनी आला आणि लग्नात अक्षता टाकून निघून जाणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा निघून गेला.

“एवढा खटाटोप कशाला रे?”

“सर, चूक झाली तर ती आपल्या अंगणातच राहावी. आणि कोणी काय केलं, ते कळावं.”

मी गप्प झालो. कारण गेल्या मे महिन्यातली गोष्ट मला आठवली.

आमच्या जुन्या संगणकावर आम्ही सारे एकाच मुख्य खात्याने शिरत असू. परवलीचा शब्द टेबलावरच्या काचेखाली सरकवलेला. एका दुपारी अडगळ काढण्याच्या उत्साहात मी नववीच्या गुणांची सगळी यादी पुसून टाकली. दुसरी प्रत नव्हती. शिक्षकांच्या वह्या जमवून ती पुन्हा लिहायला आठ दिवस लागले. पण त्याहून वाईट ते पुढेच. हे कोणी केले, ते कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांचे नाव एकच! मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत कारकुनांना फैलावर घेतले. बिचारे मान खाली घालून उभे होते. मीही तिथेच उभा होतो. माझ्या कादंबरीतला नायक अशा वेळी चटकन पुढे झाला असता. मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी मी आधी मुख्याध्यापकांना आणि मग कारकुनांना खरे सांगितले. खातेवहीतून डोके वर न काढता ते म्हणाले, “मला ठाऊक होतं, गुरुजी. त्या दुपारी खोलीत तुम्हीच होतात.”

त्यांनी माझे नाव का सांगितले नाही, हे विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

“सर, धन्याचा परवलीचा शब्द कोणाकडे द्यायचा?” तरुणाच्या प्रश्नाने मी भानावर आलो.

“पाकिटात घालून लाखेची मोहोर कर आणि कारकुनांच्या हाती दे,” मी म्हणालो. “मला एक साधे खाते पुरे. पण माझ्या स्वतःच्या नावाचे.”

यंदा कारकुनांना सहकुटुंब फराळाला बोलावले आहे. तो प्रश्न तेव्हा तरी विचारीन म्हणतो.