परड्यातले रानपाहुणे

सावंतवाडीहून आंबोलीकडे जाणारा रस्ता दाणोली सोडल्यावर घाट चढू लागतो. बहुतेक प्रवाशांचे डोळे येथून पुढे धबधब्यांकडे लागलेले असतात. वाचकहो, आपण कधी या वाटेने गेलात, तर पायथ्याच्या एखाद्या वाडीत पहाटे उतरून पाहा. घरापुढे शेणाने सारवलेले खळे, पाठीमागे माडा-फणसांचे परडे. आणि परड्यापलीकडची काजूची बाग कोठे संपते व रान कोठे सुरू होते, हे नवख्याला सांगता येणार नाही.

खुराड्याचे दार उघडून घरधनीण कण्यांची मूठ टाकते, तशा कोंबड्या धावत येतात. परंतु या पंगतीला आमंत्रणावाचून येणारेही पुष्कळ. चिमण्या, साळुंक्या, पालापाचोळा उलथीत कलकलाट करणारे सातभाई, आणि थोडे अंतर राखून बसलेला, पण नजर पिल्लांवर असलेला कावळा. तांबूस पंखांचा भारद्वाजही कुंपणाशी डोकावतो. येथे त्याला कुकुडकोंबा म्हणतात व त्याचे दर्शन शुभ मानतात. अंडी आणि लहान पिल्ले त्याला वर्ज्य नसल्याने इतर पक्ष्यांचे मत निराळे असावे!

मध्येच शिक्रा येतो. माणसाला तो दिसण्यापूर्वी कोंबडा एक लांब, चढा सूर काढतो आणि क्षणात अंगण ओस पडते. जमिनीवरून मांजर वा मुंगूस आले, तर हाच कोंबडा तुटक, पुन्हापुन्हा ओरडतो. संकट आकाशातून की भुईवरून, हे त्याच्या आवाजावरूनच कोंबड्यांना कळते.

या सर्वांत मानाचा पाहुणा मात्र सहसा परड्यात शिरत नाही. तो राखी रानकोंबडा. पहाटे डोंगरउतारावरून त्याची तुटक बांग ऐकू येते. गावठी कोंबड्याच्या बांगेसारखी ती लांबत नाही. नशीब असेल, तर काजूच्या बागेच्या कडेला तो दाणे टिपताना दिसेल. मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडावेत तसे पिवळे-पांढरे ठिपके असतात. परदेशांत मासे पकडण्याच्या गळावर लावण्यासाठी या पिसांना फार मागणी असे, आणि त्यापायी कित्येक पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.

या लाजाळू पक्ष्याचे परड्याशी नाते काय? आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा थायलंडमधील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत सापडतो, आणि भात व भरड धान्याच्या लोभानेच रानपक्षी माणसाच्या दाराशी आले असावेत, असे संशोधक मानतात. म्हणजे खुराड्यातली कोंबडीही मुळात पाहुणीच! परंतु तिचे पिवळे पाय या घराण्याचे नव्हेत. त्वचेला पिवळा रंग देणारा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. हा पक्षी भारताबाहेर रानात कोठेही आढळत नाही. तेव्हा दूरदेशीच्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही आपल्या रानाचा अंश आहे.

पाहुणचारात धोकाही आहे, आणि परड्यातल्या दहा-बारा कोंबड्यांवर ज्या घराचा वरखर्च चालतो, तेथे तो लहान नाही. मानमोडीची साथ आली की चार दिवसांत खुराडे रिकामे होते. कुमाऊँमधील राणीखेतचे नाव या रोगाला चिकटले आहे. त्या रम्य गावावर हा अन्यायच म्हणायचा. बर्ड फ्लू भारतात प्रथम २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर हजारो पट्टकादंब हंस त्याने मेले. रोग रानातून परड्यात येतो, तसा परड्यातून रानातही जातो. मेलेली कोंबडी काजूखाली फेकून देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. ती खोल पुरावी. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच मानमोडीच्या लसीचा थेंब द्यावा, दाणे अंगणात विखरून न ठेवता खुराड्यात द्यावेत, पाण्याचे भांडे झाकलेल्या जागी ठेवावे. चिमण्यांसाठी वेगळी मूठ टाकायची असेल, तर ती दूर, खळ्याच्या टोकाला टाकावी.

दिवेलागणीला घरधनीण कोंबड्यांना हाक मारते. बहुतेक निमूटपणे खुराड्यात शिरतात. एक-दोन मात्र हाकेला न जुमानता फणसाच्या फांदीवर चढून बसतात, आणि काजूच्या बागेपलीकडे राखी रानकोंबडेही याच वेळी झाडांवर चढत असतात.