नावाचा प्लॉट

१९८३ साली कोथरूडमधला एक प्लॉट मला कुणीतरी देऊ केला होता आणि ‘त्या रानात कोण राहायला जाणार?’ असं म्हणून मी तो नाकारला होता. माणसाच्या हातून चुका होतात. चोऱ्यामाऱ्या करणाराही शिक्षा भोगून कधीतरी सुटतो. कोथरूडचा प्लॉट न घेणाऱ्या नवऱ्याला मात्र जन्मठेप असते. आता आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद पडली, पाणी गेलं, शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकला, की ही फक्त एक सुस्कारा सोडते. त्या सुस्काऱ्याचा पिन कोड कोथरूडचा असतो, हे मला न सांगता कळतं.

हे सगळं सांगायचं कारण आमचे चिरंजीव. गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीनं त्यांना आणि आणखी पुष्कळांना एका सकाळी प्रेमाचं पत्र पाठवून मोकळं केलं. आमच्या वेळी नोकरी जायला निदान अफरातफर तरी करावी लागे. हल्ली काही न करताही जाते. महिनाभर चिरंजीव खिडकीत बसून होते. मग एक दिवस त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडं गेलं.

हिचा गोडा मसाला प्रसिद्ध आहे. म्हणजे ए विंग ते डी विंग असा प्रसिद्ध आहे. दगडफूल, नागकेशर, खोबरं, तीळ, धने यांचं प्रमाण तिच्या आईकडून आलेलं, आणि ते तिनं मलाही कधी सांगितलेलं नाही. वर्षाकाठी वीसपंचवीस किलो जातो. ‘चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मसाला’ एवढीच त्याची जाहिरात.

“बाबा, आपण हा मसाला जगभर विकायचा,” चिरंजीव म्हणाले. “पण त्यासाठी आधी नाव पाहिजे. डोमेन!”

डोमेन म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इंटरनेटवरच्या दुकानाचा पत्ता. साधं नाव वर्षाला हजार-बाराशेत मिळतं. पण चिरंजिवांना साधं नको होतं. त्यांना सरळ मसाल्याचंच नाव आणि पुढं डॉटकॉम, असं भरदार नाव हवं होतं. ते नाव कोणतं, हे मी इथं सांगत नाही. सांगितलं तर भाव आणखी चढेल. कारण ते आधीच कुणा गृहस्थानं घेऊन ठेवलेलं होतं. त्यानं त्या नावावर ना मसाला विकला, ना मीठ. नुसती पाटी लावून ठेवली होती : ‘हे नाव विकणे आहे.’

“कितीला?”

“नऊ हजार डॉलर म्हणतोय. पण पाचपर्यंत येईल.”

पाच हजार डॉलर म्हणजे आपले सव्वाचार लाखांच्या पुढं. आमच्याकडं एक साडेचार लाखांची ठेव आहे. ती हिच्या गुडघ्यांची आहे. दोन्ही गुडघे बदलायचे म्हणून मी ती पै-पै करून बाजूला काढलेली. मी काही बोलायच्या आत चिरंजिवांनी ब्रह्मास्त्र काढलं :

“बाबा, कोथरूडचा प्लॉट आठवा!”

तुम्हीच सांगा, यावर माझ्यासारख्या जन्मठेपेच्या कैद्यानं काय बोलावं?

बँकेत पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचलेले असल्यामुळं मला एक वाईट खोड लागलेली आहे. कागद पाहिल्याशिवाय मी पैसे सोडत नाही. मी चौकशीला लागलो. चिरंजिवांनी मला मोठमोठ्या सौद्यांच्या कथा पुरवल्या आणि मी त्या वहीत डाव्या-उजव्या बाजूला मांडल्या.

पहिलं डॉटकॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीनं नोंदवलं. आणि पुढं सप्टेंबर १९९५ पर्यंत ही नावं चक्क फुकट मिळत होती. हे वाक्य मी मोठ्यानं वाचायला नको होतं.

“म्हणजे फुकट होती तेव्हाही तुम्ही घेतली नाहीत?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अगं, आपल्याकडं विदेश संचार निगमानं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं तेच १५ ऑगस्ट १९९५ ला. फुकट वाटप बंद व्हायला जेमतेम महिना उरला होता!”

“महिना पुष्कळ झाला असता,” ती म्हणाली. माझ्या शिक्षेत एक प्लॉट वाढला.

असो. ‘बिझनेस डॉटकॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला विकलं गेलं. घेणाऱ्यानं ते १९९९ साली ७५ लाखांना विकलं. दोन वर्षांत पन्नासपट! कोथरूडही इतकं धावलं नव्हतं. २००७ साली तेच दुकान सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरला गेलं. इथवर वाचून माझा हात ठेवीच्या पावतीकडं गेला, हे कबूल करतो. पण खोड आडवी आली. ही शेवटची किंमत नुसत्या नावाची नव्हती. मधल्या आठ वर्षांत त्या नावावर माणसं बसवून, धंद्यांची मोठी सूची उभी करून, जाहिराती मिळवून एक चालतं दुकान तयार झालं होतं. शिवाय ज्या कंपनीनं ते घेतलं, तिनं २००९ साली आपल्या एकूण कर्जापायी दिवाळखोरीचा अर्ज केला.

उजव्या बाजूला ‘पेट्स डॉटकॉम’. कुत्र्यामांजरांचं खाणं विकणारी कंपनी. नाव इतकं नेमकं की मांजरानंही वाचून आत यावं. फेब्रुवारी २००० मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि नोव्हेंबरात दुकान बंद. नऊ महिने! एवढ्या काळात माणसाला मूल होतं, इथं तेराव्याची वेळ आली. ‘व्हॉइस डॉटकॉम’ हे नाव २०१९ साली तीन कोटी डॉलरला घेतलं गेलं. त्या नावावर उभारलेला उद्योग गुंडाळत असल्याचं २०२३ साली जाहीर झालं.

आणि ज्यांचं खरोखर बरं झालं त्यांचं काय? फेसबुकच्या नावामागं सुरुवातीला एक ‘द’ होता. तो काढून नुसतं फेसबुक घ्यायला त्यांनी २००५ साली दोन लाख डॉलर मोजले, पण तोवर पोरं रात्रंदिवस तिथं पडीक असायची. टेस्ला मोटारवाले २०१६ पर्यंत ‘टेस्ला मोटर्स’ अशा लांबलचक पत्त्यावर गाड्या विकत होते. म्हणजे शहाण्यांच्या घरी आधी पाळणा हलतो, मग बारसं होतं. आम्ही घुगऱ्या वाटून झाल्यावर मूल शोधायला निघालो होतो.

दुसरी गोष्ट. ॲमेझॉन ही नदी आहे. तिथं पुस्तकं मिळतील असं कुणाला वाटलं असतं? गूगल हा गणितातल्या एका प्रचंड संख्येच्या नावाचा बिघडलेला उच्चार. आणि एवढं लांब कशाला? बेडेकर हे आडनाव, चितळे हेही आडनाव. त्यात ना लोणचं आहे ना बाकरवडी. तरी नुसतं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं. ते पाणी नावानं आणलेलं नाही, तीनचार पिढ्यांच्या हातानं आणलेलं आहे.

मी हे सारं चिरंजिवांपुढं मांडलं. ते म्हणाले, “पण प्लॉटसारखं पडून राहील की. भाव वाढला की विकू.”

इथं मी चष्मा पुसला. “प्लॉटचा सातबारा असतो. यात सातबारा नाही. नाव कधीच आपल्या मालकीचं होत नाही. दरवर्षी भाडं भरायचं, एका वेळी फार तर दहा वर्षांचं. विसरलास आणि सवलतीचे दिवसही उलटले, की नाव पुन्हा बाजारात. ही पागडीची खोली आहे बाबा, आणि तीही पागडीचा कायदा नसलेली. दुसरं, जमीन देवानं निर्माण करायची थांबवली म्हणून कोथरूडचा भाव वाढला. इथं डॉटच्या पुढची शेपटं वाढतच आहेत. डॉट इन आहे, आणि २०१३ पासून डॉट शॉपसारखी शेकडो नवी आली.”

शेपटांत मात्र कुणाचं नशीब कुठं असेल सांगता येत नाही. कॅरिबियनमधलं अँग्विला हे पंधरा-सोळा हजार वस्तीचं बेट. त्याच्या वाट्याला ‘ए आय’ ही दोन अक्षरं आली. तेव्हा त्यांचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं वेड आलं आणि २०२३ साली तिथल्या सरकारच्या उत्पन्नातला पाचव्या हिश्शाहून अधिक पैसा या शेपटाचा होता. याला म्हणतात कोथरूडला जन्म घेणं!

मधल्या काळात आमचे मेहुणे येऊन गेले. त्यांची सूचना सोपी होती : एखाद्या बड्या कंपनीचं नाव आपणच आधी घेऊन ठेवायचं आणि तिलाच चढ्या भावानं विकायचं. सकाळी फिरायला आमच्याबरोबर एक वकील असतात. ते म्हणाले, “जरूर घ्या. मलाही काम मिळेल.” याहूच्या नावापुढं ‘इंडिया’ लावून दुकान थाटणाऱ्याला १९९९ सालीच दिल्ली उच्च न्यायालयानं मनाई केली होती आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगून टाकलं की, डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे. मेहुण्यांनी चहा अर्धवट ठेवला.

राहता राहिला एक मुद्दा : नेमकं नाव असलं की गूगल आपल्याला वर दाखवतं. एके काळी यात तथ्य होतं. पण नुसत्या नावाच्या जोरावर वर चढलेल्या फुसक्या दुकानांना गूगलनं सप्टेंबर २०१२ मध्ये खाली ढकललं. नावाचा उपयोग नाही असं नाही. सोपं नाव लक्षात राहतं, फोनवर सांगताना स्पेलिंग द्यावं लागत नाही, गिऱ्हाईक बिचकत नाही. ज्याचा धंदा चालू आहे, ज्याच्याकडं माल, माणसं आणि वर्षभर तग धरायला पैसा आहे, त्यानं महाग नाव घ्यावं. त्याला ते जाहिरातीपेक्षा स्वस्तही पडेल. पण वीसपंचवीस किलोच्या मसाल्यावर सव्वाचार लाखांचं नाव म्हणजे किलोमागं सतरा हजार रुपये नुसत्या नावाचे. इतकं तर केशरही पडत नाही मसाल्यात.

तिकडं सौदा चालूच होता. नावाच्या मालकानं ‘साडेसहा हजार, फक्त सात दिवस’ असं कळवलं. चिरंजीव कासावीस झाले. आठव्या दिवशी त्याचंच पुन्हा पत्र : पाच हजार. ही कोथिंबीर निवडत होती. ती म्हणाली, “ज्याला आपणहून हाक मारावी लागते त्याचा माल बसून असतो. आणखी चार दिवस थांब, जुडीवर जुडी देईल.”

पण चिरंजीव हसले नाहीत. रात्री ते गच्चीत एकटेच उभे होते. मी गेलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “बाबा, वर्षभर कुणी विचारलं, काय करतोस, की मला सांगायला काही नाही. ते नाव असतं तर सांगता आलं असतं.”

एवढा वेळ मी भाव, भाडं, सातबारा यांचा हिशेब करत होतो आणि मूळ अर्ज वाचायचाच राहिला होता. मुलाला डोमेन नको होतं. नाव हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. ही म्हणाली, “एवढंच ना? मग माझं नाव घाल की.”

“काकूंचा मसाला? ते कुणीतरी घेतलं असेल.”

“काकू नाही. माझं नाव.”

आणि तिनं जे नाव सांगितलं ते ऐकून मी घास हातात धरून बसलो. ते तिचं माहेरचं नाव होतं. १९८२ साली लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं मी दुसरंच नाव लिहिलं, आणि हे पुसलं गेलं. तिची आई जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. चिरंजिवांना तर ते ठाऊकही नव्हतं. मसाल्याचं प्रमाण मात्र त्याच नावाच्या मुलीनं आईकडून उचललेलं.

चिरंजिवांनी नाव आणि माहेरचं आडनाव जोडून शोधलं. मोकळं होतं. जगात ते दुसऱ्या कुणालाही नको होतं, म्हणून हजार रुपयांच्या आत मिळालं. “मराठीत नाही का मिळत?” तिनं विचारलं. तेही मिळतं, देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून आहे. तेही घेतलं. पावतीवर मालक म्हणून सही तिनं केली, त्याच नावानं, जरा चाचरत. चिरंजिवांच्या कार्डावर आता ‘व्यवस्थापक’ असं छापलेलं आहे. गेल्या दिवाळीत साठ किलो गेला, त्यातला सहा किलो न्यू जर्सीला. गुडघ्यांची ठेव गुडघ्यांनाच लागली. एक झाला, दुसरा उन्हाळ्यानंतर.

नावाचं भाडं भरायची तारीख मी कालनिर्णयवर लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवली आहे. “लग्नाचा वाढदिवस विसरलात तरी चालेल,” हिनं बजावलंय, “ही तारीख विसरायची नाही. एकदा तुमच्या हातून हे नाव गेलं होतं.”

मी मान डोलावली. तेवढ्यात लिफ्ट बंद पडल्याचा आवाज आला आणि तिनं एक सुस्कारा सोडला. कोथरूडचाच होता.