सायकलला शिंगे हवीत का? मनाली-लेहचा घाट देतो उत्तर

जुलै उजाडला की मनालीच्या बाजारात मोटारी आणि मोटारसायकलींच्या गर्दीत जाड टायरच्या सायकली दिसू लागतात. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या आणि तंबूच्या पिशव्या लटकलेल्या, आणि सायकलस्वार मात्र शेजारच्या टपरीवर निवांत चहा पीत उभा. त्याला जायचे असते थेट लेहला! रोहतांगच्या जुन्या रस्त्याने हे अंतर सुमारे ४७५ किलोमीटर भरते. वाटेत रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुलुंग आणि तांगलांग अशा पाच खिंडी आडव्या येतात.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सायकलींची तपासणी सुरू झाली, की एक वाद हमखास रंगतो. हॅन्डलला ‘बार एंड’ लावावेत की नाही? एक म्हणतो, त्यांच्याशिवाय घाट चढणे कठीण. दुसरा म्हणतो, ते लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. गंमत म्हणजे दोघांचेही म्हणणे खरे असते.

शिंगे कशासाठी?

बार एंड म्हणजे सरळ हॅन्डलच्या दोन्ही टोकांना पुढच्या बाजूला बसवलेल्या वीतभर किंवा त्याहून आखूड नळ्या. सायकल समोरून पाहिली तर तिला शिंगे फुटल्यासारखी दिसतात. डोंगरात चालवण्याची सायकल १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आकाराला आली. १९९० च्या दशकात तिच्यावर या शिंगांची मोठी फॅशन होती. पुढे हॅन्डल रुंद होत गेले आणि शिंगे मागे पडली. तरीही दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी त्यांची साथ सोडलेली नाही. याचे कारण दडले आहे हाताच्या करंगळीत.

सरळ हॅन्डलवर तळहात सतत एकाच जागी टेकलेला असतो. करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाचा मज्जातंतू मनगटातून तळहातात शिरतो. शरीराचा भार आणि खडबडीत रस्त्याचे हादरे तासन्‌तास नेमके त्याच जागी बसत राहतात. प्रथम करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, मग बोटे बधिर होतात आणि अखेर हाताची पकडच सैल पडते. हे दुखणे कधी काही दिवसांत बरे होते, तर कधी त्याला काही महिनेही लागतात. शिंगांवर हात ठेवला की अंगठा वर येतो, हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखे मनगट सरळ होते आणि दाबाची जागा बदलते. थकल्या हाताला एवढा विसावाही पुष्कळ होतो.

चढावर सोबती

मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर, तर ५१ किलोमीटरवरच्या रोहतांगची ३,९७८ मीटर. ही चढण शिंगांची खरी उपयुक्तता दाखवते. सीटवरून उठून पेडल मारताना शिंगे धरली की शरीराचा भार पुढे येतो, पुढचे चाक उचलले जात नाही आणि हातांनाही जोर लावता येतो.

पण रोहतांग ओलांडून कोकसरकडे उतरू लागताच चित्र पालटते. ब्रेक असतात मुठींजवळ आणि हात असतात शिंगांवर! ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. वळणावरून अचानक ट्रक समोर आला आणि हात ब्रेकपर्यंत यायला एक सेकंद लागला, तर त्या ११ मीटरांत काय होईल हे सांगायला नको. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर ही चूक सुधारण्याची संधी मिळत नाही.

गाटाची एकवीस वळणे

तांदीला चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो. तिथून वाहते ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरची चंद्रभागा मनात असलेला मराठी प्रवासी इथे क्षणभर तरी थांबतोच. पुढे केलांग, जिस्पा, दारचा मागे टाकत रस्ता ४,८९० मीटर उंचीच्या बारालाचावर चढतो. दुपारी बर्फ वितळून रस्त्यावर नाले वाहू लागतात. पाण्याखालचे गोटे दिसत नाहीत, त्यामुळे इथेही हात मुठींवर आणि बोटे ब्रेकवरच हवीत.

सरचूनंतर येतात गाटा लूप्स. एकामागून एक २१ वळणे घेत रस्ता चारशेहून अधिक मीटर वर जातो. हवा विरळ, वेग पायी चालणाऱ्याइतका. अशा वेळी दर दोन वळणांनी हातांची जागा बदलणारा सायकलस्वार वर पोहोचतो तेव्हा त्याची बोटे शाबूत असतात. पांगनंतरच्या मोरे पठारावर सुमारे ४० किलोमीटर बऱ्यापैकी सपाट रस्ता आहे, पण समोरून वारा झोंबतो. तिथे शिंगे धरून जरा वाकले की वाऱ्याचा मारा कमी होतो.

शेवटची मोठी चढण तांगलांगची, ५,३२८ मीटर म्हणजे जवळजवळ साडेसतरा हजार फूट. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो. वर पोहोचल्याचा आनंद मोठा असतो, पण लगेच रुमत्सेपर्यंतचा लांबलचक उतार सुरू होतो. ब्रेक दाबायला बोटांत बळ हवे ते इथेच. चढावर हातांना विसावा दिला असेल, तर ते उतारावर उपयोगी पडते.

लावायचीच असतील तर

ज्यांना जंगलातील अरुंद पायवाटांवरून सायकल न्यायची आहे, त्यांनी शिंगांच्या भानगडीत पडू नये. ती फांद्यांत अडकतात. फार रुंद हॅन्डल असेल तरीही ती गैरसोयीची ठरतात. लांबच्या रस्त्यासाठी मात्र आखूड शिंगे निवडावीत, ती थोडी वरच्या दिशेने वळवून घट्ट बसवावीत. मुठी, ब्रेक आणि गिअरचे खटके आत सरकवावे लागतात, तेव्हा बोटे ब्रेकवर सहज पोहोचतात ना, हे पुन्हा तपासावे. उघड्या टोकांना बुच असलेच पाहिजे, नाहीतर पडल्यावर ती नळी अंगात घुसू शकते. हॅन्डल कार्बन फायबरचे असेल, तर उत्पादकाची परवानगी असल्याशिवाय शिंगे लावू नयेत. पकडीच्या दाबाने त्याला तडा जाण्याची भीती असते. आणि हे सारे निघण्यापूर्वी निदान पंधरवडाभर घराजवळच्या घाटात करून पाहावे. मनालीत आदल्या संध्याकाळी नव्हे.

चढाला शिंगे, उताराला ब्रेक. एवढा एक नियम हातांच्या अंगवळणी पडला, की वाद मिटतो.

उपशीला सिंधू भेटते आणि तिच्या काठाकाठाने रस्ता लेहकडे वळतो. बाजारात पोहोचून सायकल भिंतीला टेकवावी आणि चहाचा गरम पेला हातात घ्यावा. करंगळीलाही त्याची ऊब जाणवली, तर समजावे की प्रवास नीट झाला.