रब्बी, रबीअ आणि वसंत

आठवीच्या वर्गाला मी प्रकल्प दिला होता. जगातला एक वसंतोत्सव निवडायचा, इंटरनेटवरून माहिती काढायची आणि नकाशावर जागा दाखवायची. एका मुलीने विचारलं, "टीचर, वसंतातला आपला सण कोणता?" 'आपला' म्हणजे मुसलमानांचा. बाकीच्यांकडे होळी होती, पाडवा होता. हिच्या वहीचं पान कोरं होतं.

ऑनलाइन ज्ञानकोश याचं उत्तर एका ओळीत देतात : असा सण नाही. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. अधिक महिना धरून वर्ष ऋतूशी जुळवायची सोय आपल्या पंचांगात नाही. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ मार्चला ईद आली, तेव्हा शिरखुर्मा आणि श्रीखंड शेजारी-शेजारी होते. पण ईद वसंतातली पाहुणी. ती आता हिवाळ्याकडे निघाली आहे.

तरी मी तिथे थांबले नाही. सणाचं नाव मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत शोधायचं आणि एका ठिकाणची तारीख दुसरीकडे पडताळायची, ही माझी सवय. नवरोजच्या तारखा पाहा. इराणात तो वसंतसंपाताला, म्हणजे २० किंवा २१ मार्चच्या सुमारास येतो. मुंबईतले बहुतेक पारशी मात्र नववर्ष ऑगस्टमध्ये साजरं करतात. कारण त्यांच्या शहेनशाही पंचांगात ३६५ दिवस पक्के, लीप दिवस नाही, म्हणून शतकानुशतकं वर्ष सरकत गेलं. मार्चमधला 'जमशेदी नवरोज' ते वेगळा पाळतात. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नवरोजची नोंद झाली, तेव्हा त्यात इराण, तुर्कस्तान, उझबेकिस्तानसोबत भारत आणि पाकिस्तानही होते.

इराणी घरांत या दिवशी 'हफ्त सीन' मांडतात, म्हणजे 'सीन' अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू : सब्जा म्हणजे उगवलेलं हिरवं धान, सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिर्का वगैरे. उर्दूची मुळाक्षरं शिकवायला याहून सुंदर तक्ता मला सापडला नाही.

इजिप्तमध्ये 'शम्म अन-नसीम' असतो. नावाचा अर्थ, झुळुकीचा वास घेणं. तारीख ठरते कॉप्टिक ईस्टरवरून, दुसऱ्या दिवशीचा सोमवार. पण बागेत आणि नाईलकाठी मुसलमान आणि ख्रिस्ती दोघंही खारवलेले मासे, कांदे आणि रंगवलेली अंडी घेऊन बसतात. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात वसंत पंचमीच्या सुमारास बसंत होते. पिवळी फुलं, पिवळे पटके आणि कव्वाली. शोकात बुडालेल्या पीरांना हसवायला अमीर खुस्रो पिवळे कपडे घालून गेले, अशी तिथली परंपरा सांगते.

यातला एकही सण शरीअतने दिलेला नाही. ते माणसांनी आपापल्या मातीतून, हवेतून उचलले. दीन सगळ्या जगाचा, म्हणून त्याचे सण कुठल्याच ऋतूला बांधलेले नाहीत. माती मात्र जिथली तिथली. नमाजी माणसाचंही एक गाव असतं, त्या गावात थंडी सरते, आंब्याला मोहोर येतो.

आणि आपल्या गावात? अरबीत 'रबीअ' म्हणजे वसंत. रबीउल अव्वल म्हणजे पहिला वसंत, पण तो महिना आता पावसाळ्यातही येतो. शब्द मात्र शेतात थांबला. वसंतात हाती येणारं पीक म्हणून 'रब्बी', आणि 'खरीफ' म्हणजे शरद, त्यावरून 'खरीप'. ज्वारी-हरभरा काढणारा मराठवाड्यातला शेतकरी, कुठल्याही जातीधर्माचा असो, वसंताचं अरबी नाव रोज घेतो. सात-बारावरही तेच नाव असतं.

मुलांनो, पुढच्या वेळी वसंत शोधाल तेव्हा सणांच्या यादीसोबत शब्दकोशही उघडा.